शेवाळाचें तेल : टक्का आणि उतारा

तळ्यांत शेवाळ वाढवून त्यापासून डिझेलसारखें इंधन काढण्याच्या धंद्यांत भांडवल घालावें किंवा कसें, अशी पृच्छा आमच्या कांहीं वाचकांकडून झाली आहे. हें शेवाळ इतकें बारीक असतें कीं त्याची एकेक पेशी सूक्ष्मदर्शकावांचून दिसत नाहीं. परंतु कांहीं जातींच्या वाळलेल्या वजनाचा निम्मा भाग तेलाचा भरूं शकतो. जाहिरातींत हाच आंकडा पुढें केला जातो. तो खोटा नाहीं, पण अपुरा आहे.

अमेरिकेच्या ऊर्जाखात्यानें १९७८ पासून १९९६ पर्यंत या कामीं प्रयोग चालविले, व ३,००० हून अधिक वाण गोळा करून त्यांतून सुमारें ३०० निवडून काढले. पाण्यांतील नत्राचा पुरवठा तोडला म्हणजे पेशींत तेल सांचूं लागतें, असें त्यांत दिसून आलें. नत्रावांचून प्रथिनें बनत नाहींत, पेशींची वाढ थांबते, आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर तयार झालेलें अन्न तेलाच्या रूपानें सांठविलें जातें. मात्र वाढच खुंटल्यामुळें तळ्यांतील एकंदर तेल कांहीं वाढलें नाहीं. दाण्यांतील तेलाचा टक्का पाहावा आणि खळ्यावरचीं पोतीं मोजूं नयेत, तशांतलाच हा प्रकार!

न्यू मेक्सिको प्रांतांत रॉसवेल येथें सुमारें दहा-दहा गुंठ्यांचीं दोन उथळ तळीं केलीं होतीं. एखाद्या दिवशीं दर चौरस मीटरास ५० ग्रॅमपर्यंत शेवाळ निघालें, पण थंडीमुळें हा उतारा टिकला नाहीं. शिवाय उघड्या तळ्यांत आपोआप शिरलेलें स्थानिक शेवाळ निवडक वाणावर मात करी. तणाची पीडा पाण्यांतही चुकत नाहीं.

पुढें २०१७ सालीं सिंथेटिक जीनोमिक्स व एक्सॉनमोबिल या कंपन्यांच्या शास्त्रज्ञांनीं नॅनोक्लोरोप्सिस गॅडिटाना या जातींतील एका नियामक जनुकाचें कार्य मंद केलें. तेव्हां पेशींतील कार्बनापैकीं तेलांत जाणारा हिस्सा शेंकडा २० वरून ४० च्या वर गेला, आणि तरीही वाढ फारशी मंदावली नाहीं. आमच्या मतें खरी प्रगति हीच होय. परंतु ती प्रयोगशाळेंतली. २०२३ च्या आरंभीं एक्सॉनमोबिलनें या कामाचा पैसा थांबविल्याचें प्रसिद्ध झालें.

यास्तव योजना घेऊन येणाऱ्यास टक्का विचारूं नये. बारा महिन्यांत दर गुंठ्यास किती तेल निघालें, किती पाणी आटलें, आणि पाण्यांतून शेवाळ वेगळें करून वाळविण्यास किती खर्च आला, हें लेखी मागावें. असा हिशेब कोणा वाचकाच्या हातीं आल्यास तो आम्हांकडे अवश्य पाठवावा; आम्ही तो आनंदानें छापूं.