अंबडची मत्स्योदरी टेकडी

जालन्याहून अंबडला आलात की सपाट काळ्या रानात मत्स्योदरी देवीची टेकडी दिसते. आकार माशासारखा, म्हणून हे नाव. कळसूबाईची 1646 मीटर उंची इथे नाही, पण दख्खन कसं घडलं हे समजून घ्यायला हीच टेकडी सोयीची.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा थरावर थर पसरला. त्याचाच बेसॉल्ट, आपला काळा पाषाण झाला. सगळे थर सारखे टणक नसतात. वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर पावसाने लवकर झिजतो, घट्ट थर टिकतो. म्हणून मराठवाड्यातल्या टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्या आणि माथ्याला सपाट दिसतात. अशा खडकातली बारीक भोकं पाहा; काहींत पांढरी खनिजं भरलेली असतात.

देवळापर्यंत पायऱ्या आहेत, त्यामुळे लहान मुलांनाही चढ जमतो. नवरात्रात मोठी यात्रा भरते. खडक निवांत पाहायचे असतील तर ते दिवस टाळून हिवाळ्यात सकाळी लवकर चढा. खडकातली खनिजं मात्र फोडून नेऊ नका.