सालीवरच्या स्टिकरची तारीख

सोलापूरच्या डाळिंबावर पॅकहाऊसमध्ये जो छोटा गोल स्टिकर लागतो, त्याच्यासाठी युरोपीय संघाने तारीख ठरवून टाकली आहे: १२ फेब्रुवारी २०२८. तिथून पुढे संघाच्या २७ देशांत विक्रीला येणाऱ्या कुठल्याही फळावर वा भाजीवर चिकटवलेला स्टिकर औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये कुजणारा असावा लागेल. एखाद्या देशाने तसे ठरवले, तर तो घरच्या परसातल्या खतकुंडीतही कुजला पाहिजे. पॅकेजिंगविषयीच्या या नव्या कायद्याचा क्रमांक २०२५/४०. तो ११ फेब्रुवारी २०२५ रोजी अमलात आला आणि त्यातल्या बहुतेक तरतुदी १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होतात. शंभरावर पानांच्या त्या कायद्यात स्टिकर ही अगदी किरकोळ बाब आहे. तरीही निर्यातीचे डाळिंब पिकवणाऱ्या जिल्ह्याने सगळ्यात आधी वाचावे असे कलम तेच, नववे.

पुठ्ठ्याची पेटी कारखान्यातून तयार येते, आतली पिशवी व्यापारी पुरवतो. स्टिकर मात्र पॅकहाऊसमध्येच लागतो. फळ धुऊन-पुसून, वजनावर काउंट ठरवून, डाग असलेले बाजूला काढून झाले की टेबलाशी उभ्या असलेल्या बायका रोलवरून एकेक स्टिकर सोडवतात आणि मुकुटाखालच्या फुगीर भागावर अंगठ्याने दाबून बसवतात. त्यावर ब्रँडचे नाव असते, देशाचे नाव असते, कधी दुकानातल्या गल्ल्यासाठीचा चार आकडी कोड असतो. एवढ्याशा कामासाठी तीन वस्तू लागतात: प्लॅस्टिकची पातळ फिल्म, तिच्यावरची शाई आणि मागचा डिंक. तिन्ही सहसा खनिज तेलापासून बनतात आणि तिन्ही मातीत वर्षानुवर्षे तशाच राहतात.

डाळिंबाची साल कुणी खात नाही. दाणे काढले की ती स्टिकरसकट कचऱ्यात जाते. युरोपीय संघाने २०२३ च्या अखेरपासून ओला कचरा वेगळा गोळा करणे किंवा जागेवर जिरवणे सदस्य देशांना बंधनकारक केले आहे, म्हणजे ती साल आता खतप्रकल्पात पोचते. तिथे पिशव्या, बाटल्या, डबे चाळणीत आणि हवेच्या झोतात वेगळे होतात. सालीला घट्ट चिकटलेला, नखाएवढा स्टिकर यंत्राच्या हाती लागत नाही. साल कुजते, स्टिकर उरतो, त्याचे तुकडे होतात आणि ते खताबरोबर कुणाच्या तरी शेतात पडतात. शेतकऱ्याने पाठवलेल्या मालामुळे दुसऱ्या शेतकऱ्याच्या मातीत प्लॅस्टिक जाते. कलम नववे मला न्याय्य वाटते ते एवढ्याचसाठी.

सोलापूर जिल्ह्याचा या व्यापारातला हात किती लांब गेला आहे, ते अलीकडच्या एका खेपेवरून दिसते. ६ डिसेंबर २०२४ रोजी समुद्रमार्गे निघालेली भारतीय डाळिंबे १३ जानेवारी २०२५ रोजी सिडनीला उतरली. ५.७ टन माल, ३ किलोच्या १,९०० पेट्या, आणि फळ सोलापूर भागातले. एका पेटीत १२ फळे धरली तर ती सुमारे २३ हजार फळे होतात. प्रत्येकावर एक स्टिकर मोजला, तर एका छोट्या खेपेतून साता समुद्रापार जाणाऱ्या या नखाएवढ्या प्लॅस्टिकचा हिशेब कळतो. त्यानंतर मार्चमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्रमार्गे १४ टन भगवा जातीचे डाळिंब पोचले. त्या प्रवासाआधी फळ ६० दिवस टिकवण्याची पद्धत बसवण्यात सोलापूरजवळच्या केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सहभाग होता. हे केंद्र २००५ मध्ये स्थापन झाले. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या डाळिंबाची मोठी गिऱ्हाइके आखाती देश आणि बांगलादेश आहेत, युरोप त्यामानाने लहान. पण कीटकनाशकांचे अवशेष असोत वा बागेची नोंदणी, युरोपने घातलेली अट पुढे इतर खरेदीदारही मागू लागतात, हा द्राक्षवाल्यांचा अनुभव डाळिंबवाल्यांनी जवळून पाहिला आहे.

आता ‘कुजणारा’ हे सिद्ध कसे होते ते पाहू, कारण बाजारात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. युरोपात यासाठी ईएन १३४३२ हे मानक २००० पासून आहे. भारतात ज्याचा आधार घेतला जातो ते आयएसओ १७०८८ जवळपास त्याच चाचण्यांवर उभे आहे. पहिली चाचणी श्वासाची. तयार कंपोस्टमध्ये पदार्थाचे कण मिसळून बंद भांड्यात ५८ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि जंतूंनी तो खाऊन किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते मोजतात. शेजारच्या भांड्यात शुद्ध सेल्युलोज असते. सहा महिन्यांच्या आत ९० टक्के विघटन झाले पाहिजे. दुसरी चाचणी डोळ्यांना दिसणारी. पदार्थ खऱ्या ओल्या कचऱ्यात १२ आठवडे कुजवतात, मग २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. चाळणीवर मूळ वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त काही उरता कामा नये. तिसऱ्या चाचणीत शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त आणि फ्लोरिनचे प्रमाण तपासतात.

चौथी चाचणी मला सगळ्यात आवडते. जे खत तयार झाले त्यात बिया पेरतात. एका कुंडीत साध्या कचऱ्याचे खत, दुसऱ्या कुंडीत तो पदार्थ कुजवून झालेले खत. किती बिया उगवल्या आणि रोपांचे वजन किती भरले, दोन्ही मोजतात. दुसऱ्या कुंडीतले आकडे पहिलीच्या ९० टक्क्यांखाली गेले की पदार्थ नापास. पदार्थ नुसता दिसेनासा झाला एवढ्यावर काम भागत नाही. त्याच्या मातीत पीक आले पाहिजे. शेतकऱ्याला यापेक्षा वेगळी कसोटी सुचली नसती.

घरगुती कंपोस्टची कसोटी याहून कडक आहे. तिथे ५८ अंशांची ऊब नसते, २० ते ३० अंशांतच सगळे व्हावे लागते, म्हणून मुदत वर्षभराची. फ्रान्सने १ जानेवारी २०२२ पासून फळांवर फक्त असेच स्टिकर चालतील असा कायदा केला आहे. घरच्या खतात कुजणारा आणि निदान अंशतः वनस्पतिजन्य पदार्थांचा असेल तरच लावा, नाहीतर लावूच नका. म्हणजे ज्याला फ्रान्सला माल पाठवायचा आहे, त्याच्यासाठी २०२८ केव्हाच उजाडले आहे. न्यूझीलंडनेही असा नियम केला, पण तिथे मुदत पुढे ढकलावी लागली. काम सोपे नाही, हे त्यावरून कळावे.

अडचण फिल्मची कमी आणि डिंकाची जास्त आहे. कागद, सेल्युलोजची फिल्म किंवा मक्याच्या वा उसाच्या साखरेपासून बनणारे पीएलए, यांतले काहीही वापरता येते. पण डाळिंबाची साल गुळगुळीत, मेणचट. फळ शीतगृहात ५ ते ७ अंशांना, ९० टक्क्यांच्या वर आर्द्रतेत आठवडेच्या आठवडे राहते. तिथून बाहेर काढले की त्याला पाणी सुटते. डिंकाने तेवढे दिवस धरून ठेवायचे आणि खतात गेल्यावर लगेच सोडायचे, अशा दोन उलट मागण्या एकाच थेंबाकडून आहेत. त्यात सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. कुजण्यासाठीच बनवलेली वस्तू अशा उष्म्यात ठेवली तर तिची टिकण्याची मुदत घटते. साधा रोल गेल्या हंगामातला या हंगामात चालून जातो. कंपोस्टेबल रोल थंड, कोरड्या जागी ठेवावा लागेल आणि त्यावरची तारीख पाहूनच मागवावा लागेल. हे पॅकहाऊसच्या स्टोअरकीपरने आत्तापासून अंगवळणी पाडून घ्यावे.

माझ्या मते या स्टिकरच्या चाचण्या केगावच्या केंद्रात व्हाव्यात. फळ ६० दिवस टिकवण्याचा अनुभव तिथे आहे, शीतगृहे आहेत, भगव्याच्या सालीची जाण आहे. कुठला डिंक किती दिवस धरतो, साल त्याखाली काळी पडते का, हे एका हंगामात पाहता येईल. लहान निर्यातदाराला हे प्रयोग स्वतःच्या पैशांनी परवडणारे नाहीत.

दुसरी फसगत उलट बाजूची. कायदा आला म्हणताच ‘आता सगळेच कंपोस्टेबल करा’ असा गलका सुरू होतो आणि पुरवठादार हिरव्या पानाचे चित्र छापलेल्या पिशव्या घेऊन दारात उभे राहतात. कायद्यात तसे मुळीच नाही. चहा-कॉफीच्या पाझरणाऱ्या पुड्या आणि फळांवरचे स्टिकर यांच्यासारख्या, ओल्या कचऱ्यात जाणारच अशा मोजक्या वस्तूंना कंपोस्टेबल होणे सक्तीचे आहे. अगदी पातळ पिशव्यांसारख्या काही वस्तूंबाबत सदस्य देशांना मुभा आहे. बाकी सगळे पॅकेजिंग, मग ते वनस्पतिजन्य प्लॅस्टिकचे का असेना, पुनर्वापराच्या कारखान्यात पुन्हा वितळवता येईल असेच हवे. पेटीतला आर्द्रता धरून ठेवणारा लायनर, फळावरची फोमची जाळी, द्राक्षाच्या पेटीतला पाऊच आणि ग्रेप गार्ड यांना कंपोस्टेबल करण्यात पैसा घालणे म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणे. लायनर एकाच जातीच्या प्लॅस्टिकचा ठेवा, त्याला पुठ्ठा चिकटवू नका, पेटीवर प्लॅस्टिकचा थर चढवू नका. तिथे गरज आहे ती याची. द्राक्षाच्या पनेटचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या डबीचा, प्रश्न वेगळा. १ जानेवारी २०३० पासून दीड किलोखालच्या ताज्या फळांसाठी एकदा वापरायचे प्लॅस्टिक बंद होणार आहे. फळ सुकू नये वा सडू नये म्हणून ते लागतेच, असे पटले तर देशांना सूट देता येते. पंढरपूर-कासेगावच्या द्राक्षवाल्यांनी त्या सुटीवर विसंबू नये.

पनेटऐवजी उसाच्या चिपाडाच्या ट्रेचे नाव पुढे येते. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे, चिपाडाला तोटा नाही. पण ट्रेवर पाणी-तेल न शोषणारा लेप देताना काही कारखाने फ्लोरिनयुक्त रसायने वापरतात. १२ ऑगस्ट २०२६ पासून अन्नाला लागणाऱ्या पॅकेजिंगमध्ये अशा एकेका रसायनाची मर्यादा अब्जात २५ भाग इतकी खाली आली आहे. ट्रे घेताना फ्लोरिनचा अहवाल हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ लिहिलेली पिशवी तर घेऊच नये. साध्या प्लॅस्टिकमध्ये रसायन मिसळून त्याचा नुसता चुरा करणारा हा माल युरोपात ३ जुलै २०२१ पासून बंद आहे.

आपल्याकडचे नियम याच दिशेने आहेत, पण त्यांची धाव वेगळी. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आणली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या काही वस्तू बंद केल्या. कंपोस्टेबल पिशव्यांना जाडीच्या अटीतून सूट आहे, मात्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ते प्रमाणपत्र रॉटरडॅमच्या आयातदाराला पुरत नाही. त्याला युरोपीय प्रमाणन संस्थेचे चिन्ह हवे असते. फळांवरच्या स्टिकरविषयी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये माहितीपत्रक काढले, त्यात भर होता तो डिंकाच्या आरोग्यावरील परिणामावर आणि डाग झाकण्यासाठी स्टिकर लावणाऱ्यांवर. साल कुठे जाते हा प्रश्न आपल्याकडे अजून कुणी कायद्यात विचारलेला नाही.

तो विचारायला हवा. सोलापूर महापालिकेच्या ओल्या कचऱ्यासाठी बायोमिथेनेशनचा प्रकल्प उभारला गेला, म्हणजे कचरा हवेशिवाय कुजवून त्यापासून गॅस आणि वीज. पीएलएसारखा पदार्थ ५८ अंशांच्या हवेशीर ढिगाऱ्यात विरतो, तसा हवेविना चालणाऱ्या कमी तापमानाच्या टाकीत विरत नाही. इथल्या बाजारातल्या फळावर उद्या कंपोस्टेबल स्टिकर लावला, तरी तो कुठे जाणार हे आधी पाहावे लागेल. सोलापुरात विकल्या जाणाऱ्या फळाला स्टिकर लागतोच कशाला, हा माझा त्याहून आधीचा प्रश्न आहे. मार्केट यार्डात क्रेटमधून उतरलेले डाळिंब लोक हातात घेऊन, वजन पाहून घेतात. तिथे स्टिकर नसला तर काहीच अडत नाही.

कच्चा माल मात्र इथेच पिकतो. पीएलए ज्या लॅक्टिक आम्लापासून बनते ते साखर आंबवून मिळते, आणि असे जैवपॉलिमर बनवण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प पुणे जिल्ह्यात जेजुरीला ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आहे. सोलापूरच्या एखाद्या साखर कारखान्याने याकडे पाहावे, पण तारीख गाठण्यासाठी त्याची वाट पाहू नये.

कारण तारीख जवळ आहे. डाळिंबाचे तीन बहार: आंबे, मृग आणि हस्त. जून २०२७ मध्ये धरलेल्या मृग बहाराची फळे डिसेंबर-जानेवारीत तुटतील, पॅक होतील आणि जहाजावर चढतील. कायदा पाहतो तो माल तिकडच्या बाजारात आल्याचा दिवस, पॅकिंगचा नव्हे. जानेवारीच्या मध्यावर निघालेला कंटेनर युरोपात उतरून माल बाजारात येईपर्यंत १२ फेब्रुवारी उलटून गेलेली असू शकते. म्हणजे तो बहार टेबलावर येईल तेव्हा रोल बदललेला हवा. त्यासाठी त्याआधीच्या मृग बहारात, थोड्या पेट्यांवर का होईना, तो लावून, थंडीत ठेवून पाहिलेला हवा. नव्या स्टिकरचे प्रमाणपत्र मिळवायला निर्मात्यालाच सहा महिन्यांची विघटन चाचणी आणि पुढची कुंडीतली चाचणी पार करावी लागते, तेव्हा ज्याच्याकडे प्रमाणपत्र तयार आहे अशाच निर्मात्याकडून नमुने मागवावेत. त्याचा क्रमांक प्रमाणन संस्थेच्या यादीत तपासावा, आणि प्रमाणपत्र फिल्म, शाई, डिंक अशा पुऱ्या स्टिकरचे आहे की एकट्या फिल्मचे, हे विचारून घ्यावे.