दहाव्या दिवसाचा ताप

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागले की झरी येते. काळ्या रानातले, कापूस-सोयाबीन-ज्वारीचे गाव. माझी मावशी या गावात दिलेली. २०१७च्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, तिच्या हाताला छातीतली गाठ लागली. तीन आठवडे तिने ती कोणाला सांगितली नाही. पुढे तपासण्या झाल्या, कॅन्सर ठरला आणि डॉक्टरांनी सांगितले की आधी केमोथेरपीचे डोस देऊ, गाठ लहान करू, मग शस्त्रक्रिया.

पहिला डोस झाला. एकवीस दिवसांनी दुसरा झाला. त्यानंतर दहाव्या दिवशी, पाडव्याला आठवडा राहिला असताना, संध्याकाळी तिचे अंग तापले. थर्मामीटर १०१ दाखवत होता. खोकला नाही, जुलाब नाहीत, कुठे जखम नाही. रानात ज्वारीची काढणी चालू होती आणि उन्हे वाढली होती. घरात सगळ्यांचे एकमत झाले की ऊन लागले. तापाची गोळी दिली, ताप उतरला, माणसे झोपली. पहाटे तिला हुडहुडी भरली तेव्हा काकांनी जीप करून परभणी गाठली. रक्तात पांढऱ्या पेशी निघाल्या चारशे. निरोगी माणसात त्या चार हजारांच्या वर असतात. सहा दिवस शिरेतून प्रतिजैविके चालली. मावशी वाचली.

चूक आमचीच होती. ताप आल्यास ताबडतोब दवाखान्यात यावे, असे तिच्या कागदांवर लिहिलेले होते आणि आम्ही ते वाचलेही होते. ‘ताबडतोब’ म्हणजे किती ताबडतोब, हे मात्र आमच्यापैकी कोणालाच उमगले नव्हते. ते उमगायचे तर ही औषधे शरीरात जाऊन नेमके काय करतात, ते आधी समजून घ्यावे लागते.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात आणि उरलेल्या दुभंगून नव्या होतात. हे दुभंगणे शरीराच्या आज्ञेत चालते. कर्करोगाची पेशी ती आज्ञा मानत नाही, एवढाच तिचा मूळ दोष. ती दुभंगतच राहते. गाठ एका जागी आहे तोवर शल्यचिकित्सक ती कापून काढू शकतो. शेतकऱ्याच्या भाषेत ही खुरपणी झाली; दिसलेले तण मुळासकट उपटले. पण काही पेशी रक्तावाटे आधीच दुसरीकडे गेलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर रक्तातूनच जावे लागते. केमोथेरपी तेच करते. सगळ्या रानभर औषध सोडायचे आणि जो कोंब त्या घडीला वर येत असेल तो मारायचा.

अडचण अशी की या औषधांना तण आणि पीक यांतला फरक नीट कळत नाही. त्यांना फक्त वेग कळतो. जी पेशी झपाट्याने दुभंगते आहे ती त्यांच्या तावडीत सापडते. आणि आपल्या निरोगी शरीरातही काही पेशी रात्रंदिवस दुभंगत असतात. केसांच्या मुळाशी असलेल्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या, आणि सगळ्यांत महत्त्वाच्या म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या मज्जेतल्या, जिथे रक्त तयार होते. केस गळतात, तोंड येते, जुलाब होतात, पांढऱ्या पेशी घटतात, ते यामुळे. हे दुष्परिणाम औषध बिघडल्यामुळे होत नाहीत. औषधाचे जे काम आहे तेच ते नको त्या जागीही करते.

या औषधांचा इतिहास पाहिला तर गंमत वाटते. बहुतेक वेळा माणसाला आधी दिसला तो दुष्परिणाम, आणि औषध त्यातून सुचले. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूने मेलेल्या सैनिकांच्या अंगात पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्या नव्हत्या, असे डॉक्टरांनी नोंदवून ठेवले होते. पांढऱ्या पेशी ज्यात बेसुमार वाढतात अशाही गाठी असतातच. मग हेच विष मोजून मापून त्यांना दिले तर? १९४२ साली अमेरिकेत येल विद्यापीठात तसा पहिला प्रयोग झाला. रुग्णाच्या गाठी विरघळल्या. पुढे त्या परत आल्या, पण वाट सापडली. मावशीच्या सलाईनमधले सायक्लोफॉस्फामाइड हे त्याच मस्टर्डच्या घराण्यातले. पेशीच्या गुणसूत्रांतले धागे ते एकमेकांना असे चिकटवून टाकते की त्यांची नक्कल निघू शकत नाही.

दुसरी कथा तर मावशीच्या अंगणातलीच आहे. तिच्या तुळशीवृंदावनाच्या कडेने जांभळ्या-पांढऱ्या सदाफुलीची रांग आहे. कोणी लावली ते आठवत नाही. तिला लावावे लागतही नाही. हे झाड मूळचे मादागास्करचे. जमैका बेटावर लोक मधुमेहासाठी त्याच्या पानांचा काढा घेत, म्हणून ती पाने कॅनडातल्या रॉबर्ट नोबल या संशोधकाकडे पोहोचली. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी पानांचा अर्क उंदरांना टोचला. साखर काही उतरली नाही. उंदीर मात्र पटापट मेले. कशाने? जंतुसंसर्गाने, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्या होत्या. म्हणजे झरीच्या घरात त्या रात्री जे घडू पाहत होते, तेच. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन जगापुढे आले आणि पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिन आजही दिले जाते.

सदाफुलीचे हे नाव कोणीतरी ऐकून आले आणि शेजारच्या एका आजीने मावशीला सल्ला दिला, “इतक्या लांब कामून जातीस माय, दारातच तर हाय औषध. रोज दोन पानं चावत जाय.” सल्ला प्रेमाचा होता, पण धोक्याचा. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन काढायला सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. शिवाय ते थेट शिरेत, मिलिग्रॅमच्या हिशेबाने द्यावे लागते. दोन पानांत गाठीला पुरेल एवढे औषध नसते. पोट बिघडवायला आणि चालू उपचारात बिब्बा घालायला पुरेल एवढे इतर विष मात्र असते. शेळीसुद्धा सदाफुलीला तोंड लावत नाही.

पेशी दुभंगताना आत बारीक दोऱ्या विणल्या जातात. त्या दोऱ्या गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात आणि काम संपले की सुटतात. सदाफुलीची औषधे त्या दोऱ्या विणूच देत नाहीत. मावशीला पुढच्या टप्प्यात मिळालेले पॅक्लिटॅक्सेल उलट करते. ते दोऱ्या सुटू देत नाही. पेशी त्यांत अडकून मरते. हे औषध अमेरिकेतल्या यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून निघाले. त्याची रचना १९७१ साली जगापुढे मांडणाऱ्यांत मन्रो वॉल यांच्या जोडीला एक नाव होते मनसुख वाणी. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. १९२५ साली जन्मलेले, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून अमेरिकेला गेलेले. याच जोडीने १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधले होते. तेच द्रव्य पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही सापडले, आणि मग कोयनेपासून कोकणापर्यंत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. वाणी २०२० मध्ये वारले. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगात त्यांचे औषध जगभरच्या बायकांना दिले जाते. नंदुरबारच्या शाळांतून हे नाव मुलांना सांगितले जात असेल, अशी आशा करू या.

आता डोसांच्या हिशेबाकडे येऊ, कारण घराघरांत वाद होतो तो इथे. तिसऱ्या डोसानंतर मावशीची गाठ हाताला लागेना. तिने जाहीर केले, “गेली ना गाठ? मग पुन्हा कशाला मरणाची ओकारी?” काकांनाही ते पटू लागले. कापसाचे पैसे संपत आले होते, आणि दर खेपेला दोन माणसांचा रोजगार बुडत होता.

एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात. समजा एका डोसाने शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या. उरल्या एक कोटी. एक कोटी पेशींची गाठ ज्वारीच्या दाण्याहून लहान असते. ती बोटांना लागत नाही. पुढच्या डोसाला एक लाख उरतात, त्याच्या पुढच्या डोसाला हजार. प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो, पण चाल अशीच असते. गाठ नाहीशी झाली म्हणजे ती बोटांपुरती नाहीशी झाली. शिवाय जमिनीत निजलेले बी एका फवारणीत मरत नाही, ते उगवले की मरते. त्या घडीला न दुभंगणाऱ्या पेशी पहिल्या डोसातून अशाच निसटतात. म्हणून पुन्हा पुन्हा डोस. मधले एकवीस दिवस असतात ते मज्जेने पुन्हा उभे राहावे म्हणून. त्याहून घाई केली तर माणूस खचतो. फार उशीर केला तर तण माजते. अर्ध्यावर सोडलेल्या उपचारात सगळा त्रास भोगून होतो आणि राखलेले तण उरते. मावशीला हा हिशेब मी ज्वारीचे दाणे मांडून सांगितला. ती पटकन म्हणाली, “मग तसं सांगावं की आधी!”

सगळ्याच कर्करोगांत केमोचा उपयोग सारखा नाही, हेही सांगितले पाहिजे. मुलांचा रक्ताचा कर्करोग, हॉजकिन्सच्या गाठी, वृषणाचा कर्करोग, गर्भाच्या वारेतून होणारा कर्करोग हे बहुतांशी औषधांनी बरे होऊ शकतात. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेच्या आधी किंवा नंतर औषध देऊन आजार परतण्याची शक्यता कमी करतात. काहींच्या बाबतीत बरे होणे हातात नसते; तिथे वेदना कमी व्हावी, काही महिने किंवा वर्षे बरी जावीत, एवढ्यासाठी देतात. यांपैकी आपल्या माणसाला कशासाठी देत आहेत, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा. विचारण्यात उद्धटपणा नाही. अलीकडे नेमक्या खुणेवर नेम धरणारी आणि प्रतिकारशक्तीला जागी करणारी औषधेही आली आहेत. ती ज्यांना लागू पडतात त्यांना मोठा लाभ होतो, पण जुनी औषधे त्यामुळे निवृत्त झालेली नाहीत.

दुष्परिणामांत मावशीला सर्वांत झोंबले ते केस. पहिल्या डोसानंतर अठराव्या दिवशी फणीत पुंजकेच्या पुंजके आले. नवरा जिवंत असताना डोक्यावरचे केस जाणे ही आमच्या भागातल्या त्या पिढीच्या बाईला नुसती रूपाची गोष्ट वाटत नाही. ती डोक्यावरचा पदर रात्रीसुद्धा खाली येऊ देईना. एके सकाळी काका स्वतःच डोके भादरून आले. बोलले काहीच नाहीत. ओकारीला आता चांगली औषधे आहेत. १९९०च्या दशकात ऑन्डॅन्सेट्रॉन आले, तोवर लोक निव्वळ ओकारीला भिऊन उपचार सोडत. लाल रंगाच्या डॉक्सोरुबिसिनने एक-दोन दिवस लघवी लाल होते. ते रक्त नव्हे. मात्र हे औषध हृदयावर ताण आणते, म्हणून आयुष्यभरात किती द्यायचे याला मर्यादा असते आणि आधी हृदयाची तपासणी करतात. तरुण रुग्णांनी मूल होण्याबद्दल उपचाराआधीच बोलून घ्यावे. नंतर वेळ गेलेली असते.

आणि ताप. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. जंतूंशी लढणारे शिपाईच नाहीत, त्यामुळे पू होत नाही, सूज येत नाही, कफही होत नाही. आम्ही जखम शोधत बसलो होतो. ती दिसणारच नव्हती. ताप हीच एकमेव हाक असते. १००.४ किंवा त्यावर पारा गेला की घड्याळ सुरू झाले असे समजावे. सकाळची वाट पाहू नये, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊन ती हाक दाबू नये. गावात कमरेत सुई टोचून घेऊ नये, कारण रक्त गोठवणाऱ्या पेशीही घटलेल्या असू शकतात. सरळ जिथे रक्त तपासून शिरेतून प्रतिजैविके देता येतील तिथे जावे आणि दारातच सांगावे, “केमो चालू आहे, आज दहावा दिवस.” झरीसारख्या गावातून यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. जिल्ह्याचे ठिकाण पुरते. फक्त केमोचे कागद बरोबर हवेत आणि गाडी कोणाची, हे डोसाच्या दिवशीच ठरलेले हवे.

मुख्य उपचारासाठीही आता परळच्या टाटा रुग्णालयाखेरीज वाटा आहेत. १९४१ पासून उभे असलेले ते रुग्णालय आणि त्याच्या बाहेरच्या पदपथावर पथारी टाकलेली मराठवाड्यातली माणसे हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. पण बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे; तिथे १९८७ पासून खेड्यांतल्या कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते, देशातली अशी पहिली. छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे; रेशन कार्ड घेऊन योजनेच्या खिडकीवर विचारावे.

घरात दोन गोष्टी सांभाळल्या की पुरे. पाणी उकळलेले, अन्न ताजे शिजवलेले. आणि डोसानंतरचे दोन दिवस रुग्णाची ओकारी-लघवी साफ करताना हातमोजे, कारण औषध त्यातून बाहेर पडत असते. बाकी हा रोग शिवून होत नाही. मावशीचे ताट वेगळे करण्याचा विषय एका सुनेने काढला होता. तो काकांनी तिथेच मिटवला.

मावशीचे आठही डोस झाले, शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. केस परत आले ते कुरळे. तसे होते कधीकधी. पण पॅक्लिटॅक्सेलने पायांच्या बोटांना आलेला बधिरपणा पुरता गेला नाही. जोडवी बोटात आहेत की गळून पडली, हे तिला अजूनही वाकून पाहावे लागते. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा ओट्यावर गावातलीच एक तरुण बाई बसली होती, डोक्याला रुमाल बांधलेली. मावशी थर्मामीटर झटकून तिला देत होती आणि विचारत होती, “आज कितवा दिवस?”