माळावरचा मुरूम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या एका मित्राचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने कुंपणालगत तीसेक झाडे लावली. कडुनिंब, करंज आणि हौसेखातर चार डाळिंबे. जागा मुरमाची, कुदळ मारली की हाताला झिणझिण्या याव्यात अशी. म्हणून त्याने खर्चाकडे पाहिले नाही. दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले, आतला मुरूम बाहेर फेकला आणि तलावातल्या गाळाची काळीभोर माती ट्रॅक्टरने आणून भरली. झाडे उन्हाळाभर तरारली. सप्टेंबरात चार दिवस सलग पाऊस झाला आणि पुढच्या पंधरवड्यात निम्मी झाडे पिवळी पडली.

मी नोकरीभर माती तपासण्याचेच काम केलेले असल्यामुळे त्याने मला बोलावले. म्हणाला, "अरे, इथली जमीनच नापीक आहे. एवढी चांगली माती घातली तरी जगत नाही काही."

आम्ही एक कडुनिंब उपटून पाहिला. मुळे काळी पडलेली, नाकाला कुजका वास. खड्ड्याच्या तळाशी चिखल, आणि खड्ड्याच्या भिंतीपलीकडचा मुरूम मात्र नुसता दमट! करंज तेवढे टवटवीत होते. ते ओढ्याकाठचे झाड, पाण्यात पाय ठेवून उभे राहू शकते.

भोवती पाण्याला वाट देणारा मुरूम असताना खड्ड्यातले पाणी का गेले नाही, हा त्याचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर त्याच्याच कारखान्यात मिळाले. एक जाड टॉवेल पाण्यात बुडवून आम्ही दोरीवर टाकला. थोडा वेळ पाणी ठिबकले, मग थांबले. टॉवेल कोरडा झाला होता का? छे! पिळल्यावर चांगले भांडेभर पाणी निघाले. बारीक धाग्यांतले पाणी खालच्या मोकळ्या हवेत आपण होऊन उतरत नाही. काळ्या मातीचे कण असेच अतिबारीक असतात, त्यांच्यामधल्या फटीही तशाच. त्या फटी पाणी घट्ट धरून ठेवतात. शेजारच्या मुरमात मोठ्या पोकळ्या आहेत, पण माती पुरती तुडुंब होईपर्यंत पाणी त्यात उतरायला तयार नसते. मित्राने तीस झाडांसाठी तीस कुंड्या केल्या होत्या, आणि त्या कुंड्यांना खाली भोक नव्हते, असेच म्हणायचे.

मुरूम म्हणजे काय, हे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असते आणि तरी कुणी त्याला माती म्हणत नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्यांचाच आपला काळा पाषाण झाला. पाणी, उष्णता आणि हवा यांनी तो कुजतो. विहीर खोदताना किंवा रस्त्यासाठी टेकडी कापलेली असते तिथे पाहा, खडकाची कांद्यासारखी सालपटे सुटलेली दिसतील. मधे घट्ट गोळा, भोवती भुसभुशीत पापुद्रे. हा अर्धा कुजलेला खडक म्हणजे मुरूम. तो पुढे आणखी कुजला की त्याची चिकणमाती होते. मग उतारावर ती चिकणमाती का दिसत नाही? कारण पाऊस ती तिथे राहू देत नाही. बारीक कण वाहून खाली जातात, जाडाभरडा चाळ मागे राहतो. म्हणून माथ्यावर उघडा खडक, उतारावर बरड, त्याखाली मध्यम जमीन आणि ओढ्याकाठी पुरुषभर खोल काळी, अशी उतरंड सोलापूर जिल्ह्यात अर्ध्या कोसाच्या चालीत पाहायला मिळते. मंगळवेढ्याची ज्वारी ज्या काळ्या रानात येते, ते रान अशाच माळांच्या झिजेतून भरलेले आहे.

या दोन जमिनींचा पाण्याशी व्यवहार अगदी उलटा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिले पाणी भेगांतून गटागटा पिते, मग फुगून तोंड मिटते. त्यानंतरचे पाणी वर साचते. पण एकदा प्यायलेले पाणी ती महिनोन्‌महिने पुरवते. साधारण ९० सेंटीमीटर खोल काळ्या जमिनीत पिकाला उपयोगी पडेल असे १५० मिलिमीटरच्या आसपास पाणी मावते. वीतभर खोलीच्या मुरमाड जमिनीत मावते जेमतेम ३० ते ३५ मिलिमीटर. भरात आलेले पीक दिवसाला ४-५ मिलिमीटर पाणी खाते. म्हणजे पावसाने आठवडाभर दडी मारली की माळावरचे पीक माना टाकणार, आणि काळ्या रानातली ज्वारी मात्र पाऊस संपल्यावर पेरूनही कणसाला येणार. सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक या केंद्रांबरोबरच. त्या कामाचा गाभा हाच होता: जमिनीची खोली किती, तिच्यात पाणी किती मावते, आणि त्यावर कोणते पीक घ्यावे. हलक्या जमिनीला हुलगा, मटकी, गवत, बोर, सीताफळ असे सांगितले जाते, ते या हिशेबातून.

हा सारा मुरमाचा तोटा झाला. फायदा आमच्या घरात मी पाहिलेला आहे.

सांगोल्याकडच्या माझ्या मावसभावाने १९९०च्या दशकात माळावर डाळिंब लावले. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना तेव्हा नवी होती. लोक हसले, दगडात झाडे लावतो म्हणून. पण डाळिंबाला बहर धरायचा तर आधी ताण द्यावा लागतो: पाणी तोडायचे, झाडाने पाने गाळायची, मग पाणी सोडले की फुले धरतात. मुरमातले पाणी लवकर संपते, म्हणून ताण चटकन आणि सारखा बसतो. मुळांना हवा मिळते. पाऊस झाला तरी दुसऱ्या दिवशी बागेत पायाला चिखल लागत नाही. खायला-प्यायला थोडे थोडे आणि वेळेवर द्यावे लागते, ते काम ठिबकने केले. ज्या जमिनीत पाणी टिकत नाही, तिथे पाणी देणे पूर्णपणे माणसाच्या हाती येते, ही मोठी सोय आहे. कोकणात जांभ्याच्या कातळाला सुरुंग लावून हापूस लावतात, जर्मनीत मोझेल नदीच्या खड्या उतारांवर पाटीच्या दगडात द्राक्षवेली वाढवतात, तिथेही निचऱ्याचा हाच धडा आहे.

मग भावाच्या हाती पैसा आला आणि त्याने ओढ्याकाठच्या काळ्या रानातही डाळिंब लावले. झाडे काय वाढली! पाहणाऱ्याचे डोळे निवावेत. पण दीड महिना पाणी तोडले तरी पाने गळेनात. जमीन आतून पाजतच होती. बहर मागेपुढे झाला, आणि तिसऱ्या वर्षी ओळीतली एकेक झाडे उभ्या उभ्या सुकू लागली. मर रोग. बुरशीमुळे होणारा हा रोग ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत जास्त फोफावतो. मी माती तपासणारा माणूस, घरातच होतो. पण लावणीच्या आधी त्याने विचारले नाही आणि मीही आपण होऊन सांगितले नाही. ती सव्वा एकराची बाग आम्ही दोघांनी मिळून उपटली. (तेल्या रोग मात्र माळावर येत नाही असे कुणी समजू नये. तो जिवाणूचा, त्याला दमट हवा पुरते.)

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. एमआयडीसीच्या त्या रस्त्याने जाताना मुरमाचे डंपर सारखे दिसतात. प्लॉट भरायला, रस्त्याला, घराच्या जोत्याला मुरूम लागतोच; माझ्याही घराखाली तो आहे. पण आपल्या भागात विहिरीचे पाणी राहते कुठे, याचा विचार करा. घट्ट काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ मावत नाही. ते राहते वरच्या मुरमाच्या थरात आणि त्याखालच्या फुटक्या, भेगाळ खडकात. माळावर पडलेला पाऊस मुरमातून मुरतो, उताराने सावकाश सरकतो आणि खालच्या विहिरींत उतरतो. टेकडीचा मुरूम खरवडून खाली उघडा पाषाण ठेवला, की तोच पाऊस तासाभरात ओढ्याला जातो. सोलापूरला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. त्यातला मुरणारा वाटा असा डंपरमध्ये भरून जावा, हे मला परवडणारे वाटत नाही. परवाना आहे की नाही हा तहसील कचेरीचा प्रश्न झाला; खालच्या वस्तीवरच्या विहिरीला परवाना वाचता येत नाही.

आणि माळ पडीक आहे म्हणून सरसकट झाडे लावावीत, यालाही माझा विरोध आहे. नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, ते याच उथळ मुरमाड गवताळ रानांमुळे. तिथे गवत उगवते, कारण जमीन गवतापुरतीच खोल आहे.

असो. मित्राच्या कारखान्यात आम्ही पुन्हा खड्डे घेतले. या वेळी बाहेर काढलेलाच मुरूम फोडून, त्यात शेणखत आणि जेमतेम पाव हिस्सा काळी माती मिसळून भरला. खड्ड्याची उताराकडची भिंत पहारीने फोडून पाण्याला वाट करून दिली आणि झाड जमिनीपेक्षा चार बोटे उंचावर लावले. उरलेली काळी माती काय करायची, असे त्याने विचारले. मी म्हटले, करंजांना घाल. गेल्या पावसाळ्यात सव्वीस झाडे उभी होती. चारपैकी एका डाळिंबाला फुले आली होती, पण ती रखवालदाराच्या शेळीने खाल्ली.