मावळातील वीरगाथा आणि तिच्यामागचा समाज

ज्या देशात जमिनीचा हक्क तलवारीच्या चाकरीशी जखडलेला असतो, त्या देशात वीरांची गाणी आपोआप जन्म घेतात. आणि ती गाणी जितकी तलवारीविषयी बोलतात तितकीच त्या जमिनीविषयी, त्या चाकरीविषयी आणि ती चाकरी घेणाऱ्या सत्तेविषयीही बोलत असतात, मग गाणाऱ्याला त्याची जाणीव असो वा नसो. इंग्लंडच्या मध्ययुगीन वीरकथांना हे जसे लागू पडते, तसेच मुळा, मुठा, मोसे या नद्यांच्या खोऱ्यांतून उगवलेल्या आमच्या मराठी पोवाड्यालाही लागू पडते. पोवाडा आम्ही आजवर स्फूर्तीसाठी ऐकला, सभेत म्हटला, शाळेत शिकवला. परंतु ज्या समाजाने तो निर्माण केला, त्या समाजाचा दस्तऐवज म्हणून तो क्वचितच वाचला. त्या दृष्टीने सुमारे तीन शतकांच्या या परंपरेचा मागोवा घेण्याचा येथे विचार आहे.

प्रथम इंग्लंडकडे दृष्टी टाकू. १०६६ साली नॉर्मन विजेत्यांनी त्या बेटावर जी जमीनव्यवस्था बसवली, तिच्यात राजाने सरदाराला जहागीर द्यावी, सरदाराने ती आपल्या हाताखालच्या घोडेस्वार वीरांना वाटून द्यावी आणि त्यांनी तिच्या मोबदल्यात ठराविक दिवस लढाईची चाकरी करावी, असा शिरस्ता होता. या घोडेस्वार वर्गाला नाइट म्हणत. शस्त्र हाती असलेला हा वर्ग शांततेच्या काळात समाजाला जाचक होऊ नये म्हणून धर्मसंस्थेने आणि राजदरबाराने त्याला एक आचारसंहिता दिली : धन्याशी इमान, दुर्बलांचे रक्षण, शरण आलेल्याला अभय, स्त्रीविषयी आदर आणि दिलेल्या शब्दाचे पालन. आर्थर राजा आणि त्याच्या गोल मेजाभोवतीचे वीर यांच्या कथा म्हणजे या संहितेचे काव्यमय रूप होय. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एका अनाम कवीने गवेन आणि हिरवा वीर यांची कथा रचली. तिच्यात पराक्रमापेक्षाही दिलेला शब्द पाळण्याचीच परीक्षा अधिक कठोर आहे. पुढे सर टॉमस मॅलरी या स्वतः नाइट असलेल्या गृहस्थाने बंदिवासात बसून १४७० च्या सुमारास आर्थरच्या सगळ्या कथा गद्यात एकत्र केल्या. विल्यम कॅक्स्टनने तो ग्रंथ जुलै १४८५ मध्ये छापून काढला आणि पुढच्याच महिन्यात बॉसवर्थच्या रणांगणावर राजा तिसरा रिचर्ड पडून जुन्या सरदारशाहीचा अस्त सुरू झाला. ज्या युगाची ती गाथा, ते युग तिच्या छपाईबरोबरच मावळू लागले.

आता सह्याद्रीच्या या अंगाला येऊ. पुण्याच्या पश्चिमेस डोंगरांच्या सोंडांमधून जी खोरी उतरतात, त्यांतील प्रत्येक खोऱ्याला आपला देशमुख होता : पौड खोऱ्यात ढमाले, मुठे खोऱ्यात मारणे, मुसे खोऱ्यात पासलकर, गुंजण मावळात शिळीमकर, कानद खोऱ्यात मरळ, हिरडस मावळात बांदल, रोहिड खोऱ्यात जेधे आणि खोपडे. हे देशमुख सुलतानी सत्तेचे नावाने चाकर आणि व्यवहारात आपापल्या खोऱ्याचे धनी होते. सारा वसूल करून हुजुरात भरणा करावा, जमाव बाळगावा, बोलावणे आले की तो घेऊन हजर व्हावे, आणि त्याबद्दल इनाम जमिनी, हक्क, रुसूम व मानपान वंशपरंपरेने भोगावेत, अशी ही वतनदारी. वतनावरून भाऊबंदांत वैर माजे, शेजारच्या खोऱ्यांशी सीमेवरून तंटे होत, खून पडत, खुनाच्या भरपाईत जमिनी लिहून दिल्या जात, आणि मग गोतसभा बसून महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, होत असे. जेध्यांचा करीना, म्हणजे त्या घराण्याची लेखी हकीकत, वाचताना या समाजाचा उग्र चेहरा स्पष्ट दिसतो. इंग्लंडच्या सरदारांप्रमाणेच येथेही मुख्य प्रश्न हाच होता, की या मनगटांना कोणत्या मर्यादेत बांधायचे आणि कोणत्या ध्येयाला जुंपायचे.

शिवाजी महाराजांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले, तेच मराठी वीरगाथेचे उगमस्थान आहे. मुळशीच्या दक्षिण अंगाला मोसे नदीच्या काठाने पसरलेल्या मुसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर हे वयाने वडील आणि मावळात वजन असलेले गृहस्थ. त्यांची कन्या कान्होजी जेध्यांना दिलेली, त्यामुळे दोन बलवान घराणी सोयरिकीने जोडलेली. बाजी स्वराज्याच्या अगदी प्रारंभीच्या लढायांत कामी आले. यमाजी भास्कर याने त्यांच्यावर रचलेला पोवाडा शिवकालीन रचनांत गणला जातो. पुढे १६५९ साली आदिलशाहीचा सरदार अफजलखान चालून आला, तेव्हा मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्माने सुटली, आणि खानास सामील न होणाऱ्याच्या वतनावर गदा येणार हे उघड झाले. खंडोजी खोपडे खानाकडे गेला. कान्होजी मात्र आपल्या पुत्रांसह महाराजांपुढे उभे राहिले आणि वतनावर पाणी सोडून त्यांनी शपथ घेतली. ज्या समाजात वतन हाच प्राण, त्या समाजात वतनावर पाणी सोडणे याहून मोठा त्याग कल्पिता येत नाही. खानाच्या पाडावानंतर खंडोजी सापडला, तेव्हा त्याच्या जिवासाठी कान्होजींनीच रदबदली केली. महाराजांनी त्या शब्दाचा मान राखून प्राण वाचवले, परंतु फितुरीची शिक्षा म्हणून त्याचा एक हात व एक पाय तोडला. शब्द, इमान, दया आणि दंड यांचा जो पेच गवेनच्या कथेत कवीच्या कल्पनेतून उभा राहतो, तो येथे दप्तरातील कागदांतून उभा राहतो.

याच मोहिमेवर शाहीर अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचला आणि त्याबद्दल त्याला सोन्याचा तोडा व घोडा बक्षीस मिळाल्याचे परंपरा सांगते. पुढे १६७० साली तानाजी मालुसरे कोंढाण्यावर, म्हणजे आजच्या सिंहगडावर, पडले आणि शाहीर तुळशीदासाने पोवाडा रचून त्यांना अमर केले. हे गाणे गोंधळ्यांच्या आणि शाहिरांच्या कंठातून गावोगाव फिरले. डफाची थाप, तुणतुण्याचा अखंड सूर, मुख्य गायकाने कथा पुढे न्यायची आणि मागच्या झिलकऱ्यांनी ती उचलून धरायची, मध्येच थांबून गद्यात प्रसंगाचा उलगडा करायचा आणि पुन्हा चढ्या आवाजात चौक गाठायचा, अशी त्याची मांडणी. श्रोता बहुधा निरक्षर, परंतु नामे, गावे, घाट आणि वाटा यांचा पक्का जाणकार. कारण कथेतला मनुष्य कोणाचा तरी चुलता, मामा किंवा शेजारगावचा पाटील असे.

येथे एक मूलगामी भेद लक्षात येतो. आर्थरच्या कथा ज्या काळात रचल्या गेल्या, त्या काळाच्या कित्येक शतके आधीच्या धूसर भूतकाळात त्या घडतात. त्यांतील अरण्ये, किल्ले आणि राक्षस कोणत्याही नकाशावर सापडत नाहीत. पोवाडा मात्र कालच्या घटनेवर, ओळखीच्या गडावर आणि हयात साक्षीदारांसमोर उभा राहतो. अद्भुत त्यालाही वर्ज्य नाही. तुळशीदासाच्या तानाजीला घोरपड कडा चढवून देते आणि गडाचा किल्लेदार उदेभान मानवी मापाच्या पलीकडचा होतो. उलट सभासदाच्या बखरीत मावळेच वानरांसारखे कडा चढून जातात. परंतु पोवाड्यातले अद्भुत वास्तवाच्या पायावर चढवलेला कळस आहे; शौर्याचे माप शब्दांत मावेना, तेव्हा कवी त्याचा आधार घेतो. इतिहासकाराने ते बाजूला काढावे हे योग्यच. पण लोकमानसाने तानाजीला किती उंचीवर नेले, हे त्या घोरपडीवाचून आम्हांस कसे कळले असते?

दुसरा भेद याहूनही अर्थपूर्ण आहे. इंग्रजी वीरकथेत युद्ध आणि प्रेम एकाच धाग्यात ओवलेले असतात. वीर आपल्या मनातील स्त्रीच्या गौरवासाठी लढतो आणि लॅन्सलॉट व राणी गिनिव्हर यांच्या प्रेमातूनच अखेरीस आर्थरचे राज्य लयास जाते. मराठीत पोवाडा आणि लावणी एकाच शाहिराच्या मुखातून निघाल्या, एकाच फडावर गायिल्या गेल्या, तरी त्या एकमेकींत मिसळल्या नाहीत. पोवाड्यातील स्त्री बहुधा माता आहे, आणि तिच्या वचनाखातर वीर निघतो. तुळशीदासाच्या पोवाड्यात कोंढाण्याची मागणी जिजाबाईच करतात आणि पुत्राचे लग्न बाजूला सारून तानाजी मोहिमेवर जातो. खोऱ्याखोऱ्यांत सोयरिकी हाच राजकारणाचा आधार होता, कुळाचा आणि घराण्याचा धर्म व्यक्तीच्या अनुरागावर वरचढ होता, आणि म्हणून शृंगाराला वीरकाव्यात जागा न मिळता त्याचे स्वतंत्र दालन उघडले, असे आम्हांस वाटते.

महाराजांनी देशमुखांच्या हुडेवाड्यांना, म्हणजे तटबंद वाड्यांना, आळा घालून, रोख वेतनावर लष्कर ठेवून वतनदारीची नखे बोथट केली. ही वृत्ती किती चिवट होती याचा इशारा पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रानेही दिला आहे. छत्रपती शाहूच्या काळात सरंजामाची, म्हणजे लष्करी चाकरीसाठी मुलूख नेमून देण्याची, पद्धत पुन्हा रुजली, सरदार दूरदेशी गेले आणि वीरगाथेचे क्षितिजही विस्तारले. पानिपतचा संहार, नारायणरावाचा वध, १७९५ ची खर्ड्याची लढाई हे तिचे विषय झाले. या काळच्या शाहिरांची नामावली हीच एक सामाजिक साक्ष आहे : अनंत फंदी, रामजोशी आणि प्रभाकर हे ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. दरबाराच्या छत्राखाली वाढलेल्या इंग्रजी वीरकथेला इतक्या विविध थरांतले कवी लाभल्याचे आढळत नाही. मग १८१८ साली इंग्रज कर्नल प्रॉथरच्या तोफांपुढे मुळशीच्या माथ्यावरचा कोरीगड पडला, पेशवाई संपली आणि शाहिराचा आश्रयदाता नाहीसा झाला.

आश्रय गेला तरी स्मरण गेले नाही. इंग्लंडात जुनी लोकगीते गोळा करण्याचे काम अठराव्या शतकात टॉमस पर्सीने आणि पुढे वॉल्टर स्कॉटने केले; महाराष्ट्रात ते हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ हा मुलकी अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या जोडीने केले, आणि १८९१ साली त्यांचा पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. पुढे यशवंत नरसिंह केळकरांनी ऐतिहासिक पोवाडे टिपांसह संपादून त्या कार्याला शास्त्रीय रूप दिले. स्कॉटच्या कादंबऱ्या वाचून आमची नवशिक्षित पिढीही आपल्या गडांकडे नव्या नजरेने पाहू लागली. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही कादंबरी १८७१ साली आली आणि हरि नारायण आपट्यांनी सिंहगडची कथा कादंबरीच्या रूपाने घराघरात नेली. परंतु या सर्वांच्या आधी, १८६९ साली, जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर जो पोवाडा रचला, त्याने या परंपरेला एक नवे वळण दिले. त्यांचा शिवाजी कुळवाड्यांचा राजा आहे. जे नांगर धरतात आणि भार वाहतात त्यांच्यासाठी तो पोवाडा आहे. वीरगाथेमागचा समाज येथे प्रथमच वीरगाथेच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

कारण दोन्ही देशांच्या वीरकाव्यात एक मौन आहे. नाइटच्या घोड्याला दाणा कोण पुरवतो, देशमुखाचा जमाव कोणाच्या नाचणीवर पोसला जातो, याचा उच्चार त्यात क्वचितच येतो. इंग्लंडात १३४८ च्या महामारीने मजूर दुर्मिळ झाले, वाढती मजुरी कायद्याने दाबली गेली, त्यावर डोईपट्टी आली आणि १३८१ साली शेतकऱ्यांनी लंडनवर चाल केली. त्याच काळात विल्यम लँग्लंडने नांगऱ्याला आपल्या काव्याच्या केंद्रस्थानी बसवले. मावळात ही वेळ १९२१ साली आली. टाटांच्या वीज कंपनीने निळा व मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधण्यास घेतले, पन्नासएक गावे बुडणार हे ठरले, आणि रामनवमीच्या मुहूर्तावर मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी त्यांचे नेतृत्व केले. बापटांना सेनापती ही पदवी या लढ्यानेच दिली. लोक तुरुंगात गेले, स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. परंतु बऱ्याच जमिनी कर्जापायी सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्या सावकारांनी नुकसानभरपाई घेण्याचा मार्ग पत्करला आणि कसणारा एकाकी पडला. १९२४ च्या अखेरीस लढा मोडला; धरणाचे पाणी कोकणात भिऱ्याच्या वीजगृहावर उतरू लागले.

वारसा म्हणजे काय, याचे उत्तर या लढ्यात आहे. ज्या खोऱ्यांतील माणसे बाजी पासलकरांच्या आणि तानाजीच्या गाण्यांवर वाढली होती, त्यांना आपल्या शेताच्या बांधावर उभे राहण्याचे बळ त्या गाण्यांनीच दिले. आणि ज्या व्यवस्थेविषयी ती गाणी मुकी राहिली होती, त्याच व्यवस्थेने त्यांचा घात केला. मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द केली, तेव्हा देशमुखीचा हक्क इतिहासजमा झाला. हक्क गेला, नाव मात्र उरले : मोसे नदीवरचा वरसगावचा जलाशय आज वीर बाजी पासलकरांच्या नावाने ओळखला जातो. आमचे मागणे एवढेच आहे, की शाळा-महाविद्यालयांत पोवाडा शिकवला जाईल तेव्हा त्याच्या शेजारी महजर आणि करीना ठेवला जावा, सिंहगडाच्या शेजारी मुळशीचा सत्याग्रह ठेवला जावा. वीराचे गाणे आणि रयतेचा हिशेब एकत्र वाचणारी पिढीच आपल्या पूर्वजांच्या शौर्याचे मोल खऱ्या अर्थाने करू शकेल, आणि त्या शौर्याची किंमत कोणी मोजली हेही तिला विसरता येणार नाही.