प्रत्येक खाज म्हणजे लूत नव्हे

कुत्र्याचे केस झडू लागले, पोटाची कातडी लाल झाली, रात्रभर खाजवण्याचा आवाज येऊ लागला, की सोसायटीत एकच शब्द ऐकू येतो: लूत. पाठोपाठ उपाय येतात. गॅरेजमधलं जळकं ऑइल, कडुनिंबाचा पाला, डेटॉलची आंघोळ, कपाटातली मलमाची ट्यूब. पण या एका शब्दाखाली आपण चार-पाच वेगळे आजार कोंबतो, आणि त्यांतल्या एकाचं औषध दुसऱ्यात अपाय करतं. म्हणून आधी कारण शोधायचं, मगच हात लावायचा.

“लूत लागलीय, घरातल्या सगळ्यांना लागेल. बाहेर काढा त्याला.”

खरी लूत होते ती माइट नावाच्या सूक्ष्म किड्यांमुळे. त्यांच्या दोन जाती महत्त्वाच्या आहेत आणि त्यांचं वागणं अगदी वेगळं आहे. सार्कोप्टिस कातडीत बोगदे करतो. कानांच्या कडा, कोपर, मागच्या पायांचे घोटे आणि पोट इथे असह्य खाज सुटते. ही लूत एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जाते. माणसालाही लाल पुटकुळ्या येतात, पण कुत्र्याच्या या किड्याला माणसाच्या अंगावर टिकता येत नाही, त्यामुळे कुत्रा बरा झाला की त्याही जातात.

दुसरा डेमोडेक्स. हा केसांच्या मुळाशी राहतो आणि थोड्या संख्येने बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या अंगावर असतोच. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईच्या कुशीतून तो पिल्लाकडे येतो. माणसाला तो लागत नाही, शेजारच्या धडधाकट मोठ्या कुत्र्यालाही त्याचं भय नाही. पिल्लाच्या डोळ्याभोवती किंवा ओठांजवळ एखाददुसरा केस गेलेला चट्टा बऱ्याचदा आपोआप भरून येतो. अशा पिल्लांना पोत्यात घालून लांब सोडून देतात, तेव्हा जीव तुटतो. त्यांच्यापासून कुणालाच धोका नव्हता.

“गोल चट्टा आहे, म्हणजे गजकर्ण.”

कुत्र्यांमध्ये कडेने पापुद्रे सुटलेला गोल चट्टा बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस जिवाणूंचा असतो. आधी बारीक पुटकुळी येते, ती फुटते आणि मागे हे कडं उरतं. त्यावर बुरशीचं औषध चोळून काही होत नाही. खरं गजकर्ण मात्र घरातल्या लहान मुलांना लागतं, त्यामुळे खात्री करून घ्यायलाच हवी. डॉक्टर निळसर दिव्याखाली केस बघतात, पण त्या दिव्यात चमकतात ते मायक्रोस्पोरम कॅनिस बुरशीचे काहीच प्रकार. चमक दिसली नाही म्हणून बुरशी नाही, असं होत नाही. केसांचं कल्चर हा पक्का मार्ग.

“पिसवा दिसत नाहीत, म्हणजे नाहीत.”

ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते, त्याला एक-दोन चावेही पुरतात. शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागे तो स्वतःला ओरबाडून घेतो. बारीक दातांच्या फणीने तिथले केस विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. अंडी आणि अळ्या मात्र गादीत, सोफ्याच्या फटींत, पायपुसण्यात असतात, म्हणून औषध घरातल्या प्रत्येक प्राण्याला द्यावं लागतं आणि अंथरूण गरम पाण्यात धुवावं लागतं. घरात मांजर असेल तर जपा. कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराचा जीव घेऊ शकतं.

“माणसाला चालतं, मग त्याला का नाही?”

कुत्र्याच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण 3 ते 5 थर असतात, आपल्या त्वचेत 10 ते 15. तिचा पीएचही आपल्यासारखा आम्ल नसून 7 च्या जवळ असतो. आपला शाम्पू आणि डेटॉल तिला कोरडं करतात, भाजतात. जळक्या ऑइलमधले विषारी घटक कातडीतून आत जातात आणि चाटताना पोटातही. कडुनिंबाचं पाणी त्या मानाने सौम्य, पण बोगद्यात बसलेल्या किड्यापर्यंत ते पोचत नाही.

सगळ्यांत घातक मला वाटते ती ‘तिन्हींवर चालणारी’ ट्यूब. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जिवाणूनाशक एकत्र. स्टेरॉइडमुळे चार दिवस लाली उतरते, आणि त्या आडोशाला बुरशी आणि डेमोडेक्स फोफावतात. आमच्या कुत्रीला मी असंच मलम तीन आठवडे लावलं. तपासणीत डेमोडेक्स निघाला तोवर एका चट्ट्याचे अकरा झाले होते. ती मात्र दर वेळी विश्वासाने पाय पुढे करायची. ते आठवलं की अजून अपराधी वाटतं.

गाई-म्हशींचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणं हाही त्यातलाच प्रकार. कोली आणि शेटलँड शीपडॉग यांसारख्या जातींत एबीसीबी1 जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं. कुत्रा बेशुद्ध पडतो, दगावतोही.

“अंडं-चिकन उष्ण पडलं.”

उष्णतेचा यात संबंध नाही. ॲलर्जी असते ती ठरावीक प्रथिनाची: चिकन, बीफ, दूध, गहू. रक्ततपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. निदान 8 आठवडे पूर्वी कधीच न खाल्लेलं प्रथिन द्यायचं, मध्ये एक बिस्किट किंवा पोळीचा तुकडाही नाही, मग जुनं अन्न सुरू करून खाज परतते का ते बघायचं. घरातल्या धुळीची किंवा परागकणांची ॲलर्जी याहून जास्त आढळते. ती सहसा 6 महिने ते 3 वर्षं या वयात सुरू होते. पंजे चाटणं आणि कान वारंवार बिघडणं या तिच्या खुणा. ती आटोक्यात राहते, मुळापासून जात नाही.

“खरवड तपासली, काही निघालं नाही, म्हणजे लूत नाही.”

सार्कोप्टिस खरवडीत अनेकदा सापडतच नाही. लक्षणं जुळली तर डॉक्टर तरीही उपचार सुरू करतात, आणि ते बरोबर आहे.

दवाखान्यात नेण्याआधी आंघोळ घालू नका, काही लावू नका. चट्ट्यांचे तारखेनुसार फोटो ठेवा. आणि एका प्रश्नाचं उत्तर आठवून ठेवा: आधी खाज सुरू झाली, की आधी पुरळ दिसलं? कातडी साफ असतानाच तो खाजवत होता, तर डॉक्टर आधी ॲलर्जीच्या दिशेने बघतील.