ओळींतील आद्यचिन्हे वगळणे

मजकुराच्या प्रत्येक ओळीच्या आरंभीची ठराविक संख्येची चिन्हे काढून टाकून उरलेला भाग जसाच्या तसा ठेवण्याची संगणकीय क्रिया. ‘चिन्ह’ या संज्ञेत अक्षरांबरोबर अंक, विरामचिन्हे व रिकामी जागा यांचाही समावेश होतो. ओळींच्या आरंभी अनुक्रमांक, संकेतांक, दिनांक किंवा सारख्या रुंदीचा समास असेल आणि पुढील कामासाठी तो नको असेल, तर ही क्रिया उपयोगी पडते. ती वरकरणी साधी दिसत असली, तरी तिचा अचूकपणा दोन गोष्टींवर अवलंबून असतो : वगळावयाचा भाग प्रत्येक ओळीत खरोखरच सारख्या लांबीचा असला पाहिजे आणि एक चिन्ह कशाला म्हणावयाचे, हे आधी ठरलेले असले पाहिजे. देवनागरी मजकुराच्या बाबतीत दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते.

पूर्वपीठिका : ठराविक स्थानांवर ठराविक माहिती ठेवण्याची पद्धत छिद्रित पत्रांच्या काळात रूढ झाली. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये प्रचारात आणलेल्या पत्रावर ८० स्तंभ असून प्रत्येक स्तंभात एक चिन्ह मावत असे. कोबॉल या संगणकीय भाषेत पहिले सहा स्तंभ ओळीच्या अनुक्रमांकासाठी राखून ठेवलेले होते. पत्रांचा गठ्ठा विसकटला, तर या क्रमांकांच्या आधारे तो पुन्हा लावता येई. मजकूर चुंबकीय तबकड्यांवर साठविला जाऊ लागल्यावर या क्रमांकांची गरज उरली नाही आणि ते वगळण्याचे काम पुढे आले. तथापि सातव्या स्तंभातील तारकाचिन्ह ती ओळ केवळ स्पष्टीकरणाची आहे, हे दर्शवीत असे. सहाऐवजी सात चिन्हे वगळल्यास ही खूण नाहीशी होते आणि स्पष्टीकरणाची ओळ आज्ञा म्हणून वाचली जाण्याचा धोका उद्भवतो. गणनेतील एका चिन्हाची चूकही किती दूरवर परिणाम करते, याचे हे बोलके उदाहरण होय.

कार्यपद्धती : संगणकाला बहुधा किती चिन्हे वगळावयाची याऐवजी कोणत्या स्थानापासून पुढचा भाग ठेवावयाचा, हे सांगावे लागते. यूनिक्स प्रणालीतील ‘कट’ या आज्ञेत स्थाने एकपासून मोजतात. त्यामुळे सात चिन्हे वगळण्यासाठी आठव्या स्थानापासून पुढचा भाग मागावा लागतो. पायथॉनसारख्या भाषांत स्थाने शून्यापासून मोजली जात असल्याने तोच भाग सातव्या स्थानापासून सुरू होतो. ओळ सात चिन्हांची किंवा त्याहून लहान असेल, तर तिच्या जागी रिकामी ओळ उरते.

टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू केलेला पिन हा सहा अंकी संकेतांक या क्रियेच्या उदाहरणासाठी सोयीचा आहे. सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील आष्टा या गावाचा संकेतांक ४१६३०१, तासगावचा ४१६३१२, तर मिरजेचा ४१६४१० आहे. प्रत्येक ओळीत संकेतांक, एक रिकामी जागा व गावाचे नाव अशी यादी असल्यास पहिली सात चिन्हे वगळताच केवळ नावांची यादी मिळते.

देवनागरीतील प्रश्न : ‘आष्टा’ या नावात वाचकाला दोन अक्षरे दिसतात : आ आणि ष्टा. यूनिकोड संकेतप्रणालीत मात्र ते आ, ष, हलन्त चिन्ह, ट व काना अशा पाच चिन्हांनी लिहिले जाते. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापीत असल्याने हे नाव पंधरा बाइटांचे होते. म्हणजे एकाच नावाची लांबी दोन, पाच किंवा पंधरा अशी मोजता येते. आरंभीचे एक यूनिकोड चिन्ह वगळल्यास ‘ष्टा’ उरते. दोन वगळल्यास आधारावाचून राहिलेल्या हलन्त चिन्हाने ओळ सुरू होते व अनेक संगणक ते ठिपक्यांच्या वर्तुळासह दाखवितात. केवळ एक बाइट वगळल्यास पहिले चिन्हच मोडते आणि त्याच्या जागी निरर्थक खूण दिसते.

अंक देवनागरीत आहेत की इंग्रजीत, यावरही फलित अवलंबून असते. इंग्रजी अंक व रिकामी जागा प्रत्येकी एक बाइट व्यापतात, त्यामुळे तेथे सात चिन्हे म्हणजे सातच बाइट होत. संकेतांक देवनागरी अंकांत असेल, तर तीच सात चिन्हे एकोणीस बाइटांची होतात. बाइट मोजणाऱ्या साधनाने अशा ओळीचे सात बाइट कापल्यास दोन अंक पूर्ण जातात, तिसरा मोडतो व उरलेले तीन नावाला चिकटून राहतात. ‘कट’ या आज्ञेच्या काही प्रचलित आवृत्त्या चिन्हे मोजण्यास सांगितले असतानाही दीर्घकाळ बाइटच मोजीत आल्या आहेत.

वाचकाला जाणवणाऱ्या अक्षरानुसार मोजणी करण्याचे नियमही यूनिकोडने दिले आहेत. पूर्वीच्या नियमांनुसार ‘आष्टा’चे आ, ष् व टा असे तीन भाग पडत. २०२३ मधील १५.१ या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर अखंड मानले जाऊ लागले व हे भाग दोन झाले.

अदृश्य दोष : मोडलेले चिन्ह निदान डोळ्यांना दिसते, त्याहून घातक चूक ती, जिच्यामुळे उरलेला मजकूर निर्दोष भासतो. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे झाले. ‘दक्षिण’ हा शब्द व त्यानंतरची रिकामी जागा मिळून नेमकी सात यूनिकोड चिन्हे होतात. जुन्या नोंदींच्या यादीत एखाद्या ओळीस संकेतांक नसेल व तिच्या आरंभी ‘दक्षिण सातारा’ असेल, तर सात चिन्हे वगळल्यावर ‘सातारा’ हे नाव उरते. ते शुद्ध आहे, खऱ्या जिल्ह्याचे आहे, परंतु दुसऱ्याच जिल्ह्याचे आहे. ही चूक संगणक दाखवून देत नाही आणि वाचकालाही तिचा संशय येत नाही. जमिनीच्या नोंदी, मतदारयाद्या किंवा अभिलेखांच्या सूची यांत तिचे परिणाम गंभीर होऊ शकतात.

दक्षता : वगळावयाच्या भागाची लांबी बदलती असल्यास संख्येऐवजी विभाजक चिन्हाचा आधार घेणे इष्ट असते. ओळीच्या आरंभी सहा अंक व रिकामी जागा असेल तरच ती वगळावी, अशी अट घातल्यास ‘दक्षिण सातारा’सारख्या ओळी सुरक्षित राहतात. अट पूर्ण न करणाऱ्या ओळी वेगळ्या काढून प्रत्यक्ष वाचाव्या लागतात. मजकुराच्या अगदी आरंभी संकेतप्रणाली दर्शविणारे अदृश्य चिन्ह असल्यास पहिल्या ओळीची गणना एकाने चुकते, म्हणून ते आधी काढावे लागते. मूळ मजकुराची प्रत राखून ठेवणे, क्रियेपूर्वीची व नंतरची ओळींची संख्या ताडून पाहणे आणि वगळलेला भाग स्वतंत्र साठविणे, हे उपाय सर्वत्र उपयुक्त ठरतात. वगळलेला व उरलेला भाग पुन्हा जोडून मूळ ओळ मिळाली, तर काहीही गहाळ झाले नाही एवढे सिद्ध होते. काप योग्य ठिकाणी पडला की नाही, हे मात्र वगळलेला भाग तपासूनच ठरविता येते.